तिसऱ्या बाकावरची कौसल्या

"यातली कच्ची कोणती?" काळपांडे सरांनी विचारलं आणि सातवी 'ब'चा बैठक नकाशा माझ्यापुढे सरकवला.

बैठक नकाशा म्हणजे एका मोठ्या कागदावर आखलेले चौकोन. एक चौकोन म्हणजे एक मूल, चौकोनात त्याचं नाव. हा माझाच होता, दोन रंगांच्या शाईत मन लावून काढलेला. बी.एड.च्या अंतिम पाठाला बाहेरगावचे परीक्षक येत, त्यांच्या हातात त्याची एक प्रत द्यावी लागे. शिकवताना मुलांना नावानं हाक मारली की गुण मिळत. "ए तू, निळ्या सदऱ्यावाल्या" म्हटलं की गुण गेले.

सरांनी तांबड्या पेन्सिलीचं टोक नखावर तपासलं. दुपारचे तीन वाजले होते, पाठ दुसऱ्या दिवशी साडेअकराला होता. कच्ची मुलं उद्या बोलवायची नाहीत, असं ते म्हणाले. त्यांच्या जागी आठवीतली चुणचुणीत मुलं आणून बसवायची. दरवर्षी असंच होतं, मुख्याध्यापकांनाही ठाऊक असतं, आणि परीक्षकही कधी काळी असाच पाठ देऊन पास झालेले असतात.

मी म्हटलं, की सर, मी या मुलांना चार महिने शिकवतेय.

"गावंडे बाई, ही परीक्षा मुलांची नाही, तुमची आहे," काळपांडे सर म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. आमच्या बी.एड. कॉलेजात गणित अध्यापनाची पद्धत शिकवायचे, आणि आमच्यातलं कोणी नापास झालं तर त्यांना दोन दिवस जेवण जात नसे.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. बी.एस्सी. झाले, लग्न झालं, दोन वर्षांत ते मोडलं, आणि मी वऱ्हाडातल्या या तालुक्याच्या गावी भावाकडे परत आले. भावानं एका वर्षाची मुदत दिली होती. दिली म्हणजे तो तोंडानं काही बोलला नाही, पण वहिनी माझ्या खोलीत धान्याची कोठी कुठे ठेवता येईल ते माझ्यासमोरच मापून बघायची. ज्या शाळेत मी सरावाचे पाठ घेत होते, तिथे जूनमध्ये पाचवी ते सातवीच्या गणिताची जागा रिकामी होणार होती. मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं होतं, की अंतिम पाठात पंचाहत्तरच्या वर गुण आणा, जागा तुमची. न आणल्यास तुमच्यासारखे अकरा जण आहेत. म्हणजे माझं घर, माझी खोली, माझी चूल, सगळं त्या पस्तीस मिनिटांवर येऊन ठेपलं होतं.

मी तांबडी पेन्सिल घेतली आणि सहा नावांवर काट मारली. ती मारताना फारसं काही वाटलं नाही, हे आज कबूल करायला हवं. त्यांतल्या दोघांना तर बेरीजही धड येत नव्हती.

सातवं नाव तिसऱ्या बाकावर होतं, खिडकीच्या बाजूला. कौसल्या किसन खंडारे.

कौसल कच्ची नव्हती, ती सावकाश होती. नोव्हेंबरमध्ये मी या वर्गावर आले तेव्हा ती आठवड्यातून दोनच दिवस यायची. खैरी नावाच्या तीन कोसांवरच्या खेड्यातून पायी. तिचा बाप किसन एका पाटलाकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पोरीला गणित येत नाही, मास्तर रोज उभं करतात, मग शाळेत जाऊन उभंच राहायचं तर शेतात का नको, असा त्याचा हिशेब होता. एका रविवारी मी खैरीला गेले. नवी नवी बाई होते मी, अंगात उत्साह मावत नव्हता. किसनभाऊंना म्हटलं, मला फेब्रुवारीपर्यंत वेळ द्या. फेब्रुवारीत माझा परीक्षेचा पाठ आहे, मोठे साहेब येणार आहेत. तुमची कौसल त्या साहेबांसमोर उभी राहून गणिताचं उत्तर देईल. तुम्ही स्वतः येऊन बघा, आणि नाही दिलं तर खुशाल शाळेतून काढा.

त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली. मग म्हणाले, "कोन्ती तारीख?"

मी तारीख सांगितली. अठरा फेब्रुवारी. त्यांनी ती पुन्हा एकदा म्हणून घेतली.

त्या दिवसापासून कौसल रोज येऊ लागली. शाळा सुटल्यावर अर्धा तास मी तिला थांबवून घ्यायची. माझा अंतिम पाठ व्यस्त प्रमाणाचा होता: दहा बायका एक शेत बारा दिवसांत निंदतात, तर पंधरा बायका ते किती दिवसांत निंदतील? बाकी मुलांनी माझं ऐकून समीकरण मांडलं, दहा गुणिले बारा बरोबर पंधरा गुणिले क्ष. का, हे कोणी विचारलं नाही. कौसल फळ्याकडे बघत बसून राहिली. मला वाटलं, डोक्यावरून गेलं. तीनेक दिवसांनी ती आपण होऊन म्हणाली, "बाई, पयले सारं निंदन किती हाय ते पाहा लागते ना. दहा बाया, बारा दिवस, म्हंजे एकशेवीस. एका बाईनं केलं असतं तं एकशेवीस दिवस लागले असते. आता ते पंधराइले वाटून द्या."

मी खडू हातात धरून उभी राहिले. मला स्वतःला ते गणित तोवर येत होतं, पण कळलं नव्हतं. पुढे एकतीस वर्षं मी व्यस्त प्रमाण याच रीतीनं शिकवलं. ही रीत कोणाची, ते वर्गात कधी सांगितलं नाही.

पण आमच्या पाठ टाचणात दोन रकाने असत. डावीकडे शिक्षक काय बोलणार, उजवीकडे विद्यार्थी काय बोलणार. मुलांची उत्तरं आम्हीच आधी लिहून ठेवायचो, आणि पाठ रंगला म्हणजे मुलांनी तसंच्या तसं बोलायचं. माझ्या टाचणात प्रश्न तिसरा होता, तो कौसल्यासाठी, आणि उजव्या रकान्यात उत्तर होतं: "मजूर वाढले की दिवस कमी होतात, म्हणून हे व्यस्त प्रमाण आहे. क्ष बरोबर आठ." रंगीत तालमीत कौसल उठली, बोटं एकमेकांत गुंतवून उभी राहिली, आणि सगळं निंदण मोजून, वाटून, आठावर आली. उत्तर बिनचूक होतं. काळपांडे सरांच्या घड्याळात त्याला चार मिनिटं लागली.

"चार मिनिटं," सर म्हणाले, "आणि 'व्यस्त' हा शब्दच नाही."

मी म्हटलं, सर, हिला समजलंय.

ते म्हणाले, "परीक्षकांना ते कसं समजणार?"

याचं उत्तर आज मी देऊ शकते; तेव्हा मी सातव्या नावावर काट मारली. किसनभाऊंना दिलेला शब्द त्या वेळी आठवला का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. आठवला होता. पण हरभऱ्याची सोंगणी ऐन भरात होती, आणि सालदार माणूस कामाचा खाडा करून पोरीचं गणित ऐकायला कशाला येतोय, अशी मी मनाची समजूत घातली.

शाळा सुटताना सातही जणांना व्हरांड्यात थांबवलं. उद्या तुम्हाला सुट्टी, असं सांगितलं. सहा जण उड्या मारत गेले. कौसल तिथेच थांबली.

"बाई, उद्या साहेब येनार व्हते ना?"

मी म्हटलं, पाठ पुढे ढकललाय. कधी होईल ते सांगेन तुला.

तिनं मान हलवली. मी खोटं बोलेन हे तिच्या मनातही आलं नाही, आणि ही गोष्ट मला आजही नीट सांगता येत नाही. ती दप्तर काखेत मारून चालू लागली. फाटकापाशी तिचे ओठ हलताना दिसले. बहुधा ती उत्तर घोकत असावी.

दुसऱ्या दिवशी आठवीतली सात मुलं आली. तिसऱ्या बाकावर, खिडकीपाशी, मीनाक्षी बसली. शाळेच्या मोठ्या बाबूंची ही मुलगी, वर्गात पहिली येणारी, दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा गणवेश. बैठक नकाशा बदलायचा नव्हता, कारण हजेरीपटाशी तो जुळायला हवा होता. म्हणून आठवीच्या त्या सातांना काट मारलेल्यांची नावं दिली गेली. मीनाक्षीला मी तिचं नवं नाव सांगितलं. तिनं ते एकदाच ऐकलं आणि तिला पाठ झालं.

परीक्षक नागपूरचे होते. उंच, चष्मा कपाळावर सरकवलेला, चेहऱ्यावर कंटाळा. मागच्या बाकावर बसून त्यांनी एका मांडीवर माझं टाचण उघडलं, दुसऱ्या मांडीवर नकाशा. मी प्रस्तावनेचे प्रश्न विचारले, मुलांनी लिहिलेली उत्तरं दिली. पाठाचा हेतू सांगून झाला, फळ्यावर विषय लिहिला. अक्षर त्या दिवशी असं उतरलं की मलाच नवल वाटलं. दुसरा प्रश्नही सुरळीत पार पडला.

तेव्हा खिडकीबाहेर एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरं धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, पायांत वहाणा नाहीत. वहाणा त्यानं पायरीखाली काढून ठेवल्या असणार, देवळात जाताना काढतात तशा. त्यानं खिडकीच्या गजांना हात लावला नाही. एक हात अंतर राखून, मान थोडी पुढे काढून, तो बाकांवरून नजर फिरवत होता.

मी किसनभाऊंना लगेच ओळखलं. त्यांनीही मला पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

पुढचा प्रश्न तिसरा होता. इथे मला थांबता आलं असतं. दुसऱ्या कोणाचंही नाव घेता आलं असतं. सदाशिव होता, मालती होती, दोघांनाही उत्तर येत होतं. परीक्षकांनी फार तर टाचणाच्या कडेला एक छोटी रेघ ओढली असती. पण त्यांचं बोट प्रश्न तिसऱ्यावर होतं, ते मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांसमोर वहिनीचं माप घेणंही आलं.

मी म्हटलं, "कौसल्या, तू सांग."

किसनभाऊंची मान आणखी पुढे आली. कुठल्या तरी बाकावरून आपली पोर उठेल म्हणून ते शोधू लागले. मीनाक्षी उठली. "मजूर वाढले की दिवस कमी होतात, म्हणून हे व्यस्त प्रमाण आहे. क्ष बरोबर आठ." एका दमात, एकही अक्षर न चुकता.

"शाबास, कौसल्या," मी म्हटलं. तेही टाचणात लिहिलेलं होतं.

मागून परीक्षकांचा आवाज आला. त्यांचा कंटाळा गेला होता. ते मीनाक्षीला म्हणाले, "छान. पूर्ण नाव काय तुझं?"

"कौसल्या किसन खंडारे," ती म्हणाली.

खिडकीतला माणूस हलला नाही. परक्या पोरीच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकून माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं. तो रागानं लाल झाला नाही. अनोळखी गावात चुकून भलत्या घरात शिरलेला माणूस जसा ओशाळतो, तसे ते ओशाळले. गुन्हा मी करत होते आणि लाजत ते होते. मी फळ्याकडे वळले आणि उरलेला पाठ पुरा केला. पस्तिसाव्या मिनिटाला घंटा झाली.

परीक्षक माझ्याजवळून जाताना थांबले, छान झालं म्हणाले. काळपांडे सर त्यांच्या मागे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी व्हरांड्यात गेले तेव्हा किसनभाऊ पायरीपाशी वहाणा घालत होते.

"कौसल म्हने आज शाळा नाई," ते खाली बघतच म्हणाले. "म्या म्हनलं, तारीख तं आजचीच होती. पोरगी भेली असन म्हनून खोटं बोलत असन. तिले दोन थापडा देल्या अन् सोंगनीवर धाडलं. मंग म्याच आलो."

मी काहीतरी बोलले. ही पद्धत असते, फक्त आजच्या दिवसापुरतं, परीक्षेचं काम असतं, असं काहीतरी. कौसलला येतं सगळं, तिला फार छान येतं, असंही म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकवेना.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमची परीक्षा चांगली झाली?"

"झाली."

"मंग बरं झालं," ते म्हणाले, आणि ते मनापासूनच म्हणाले. मग टोपी सारखी करत, "तिचं नाव तं हायच तुमच्या शाळेत. पोरगी घरी राहीन."

ते गेले. आत काळपांडे सर पेढे वाटत होते. मी दोन खाल्ले.

मला शंभरपैकी शहाऐंशी गुण पडले, कॉलेजात सर्वांत जास्त. परीक्षकांच्या शेऱ्याची प्रत सरांनी मला मुद्दाम दाखवली. त्यात लिहिलं होतं, की शिक्षिका प्रत्येक विद्यार्थ्यास व्यक्तिशः ओळखतात. ते वाक्य मी त्यानंतर कुठल्याच कागदावर वाचू शकले नाही. पुढे असे शेरे मला पुष्कळ मिळाले, मी ते न वाचता खाली सही करायची.

कौसल दुसऱ्या दिवशी आली नाही, त्या आठवड्यात आली नाही, त्या महिन्यात आली नाही. मी खैरीला जाणार होते. पण मार्चमध्ये लेखी परीक्षेचा अभ्यास होता, एप्रिलमध्ये परीक्षा, मे महिन्यात निकाल आणि खोली शोधणं. कारणं शोधायला बसलं की सापडतातच, आणि मी तर ती बसल्या जागी गोळा करत होते. खरं कारण हेच, की मला तोंड दाखवायची भीती वाटत होती.

जूनमध्ये मी त्याच शाळेत रुजू झाले. दोन खोल्यांचं घर मिळालं, त्यातली चूल माझी होती. जुलैत हजेरीपट नीट करायचं काम नव्या बाईंकडे आलं, म्हणजे माझ्याकडे. सतत गैरहजर असलेल्यांच्या नावांवर तांबडी रेघ ओढायची होती. खंडारे या नावापाशी मी आले, पेन खाली ठेवलं, आणि अर्ध्या दिवसाची रजा लिहून खैरीची वाट धरली.

ती घरी नव्हती. शेजारच्या म्हातारीनं पाटलाच्या वावराकडे बोट दाखवलं. कपाशीचं निंदण चाललं होतं. बायकांची एक रांग वाकून पुढे सरकत होती, प्रत्येकीची आपापली पात, हातात खुरपं. शेवटच्या पातीवर कौसल होती. लुगडं नेसलेली, डोक्याला फडकं बांधलेली. पाच महिन्यांत ती केवढी तरी मोठी झाली होती. मला पाहून ती उभी राहिली. वर्गात उभी राहायची तशीच, बोटं एकमेकांत गुंतवून. बोटांना माती लागली होती.

मी म्हटलं, कौसल, उद्यापासून ये. मी आता तिथेच आहे, कायमची. तुझ्या बाबांशी मी बोलते, पाय धरते त्यांचे. माझं चुकलं.

बाकीच्या बाया थोड्या पुढे गेल्या, एकीनं वळून पाहिलं. कौसलच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी मोजत असताना ती जशी दिसायची, तशी ती दिसत होती, आणि मी सवयीनं वाट बघत उभी राहिले. या वेळी माझ्याकडे चार मिनिटं होती.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "ते पोरगी माह्या नावानं उठली व्हती ना, तिनं किती दिवस सांगतले?"

"आठ," मी म्हटलं.

तिनं मान हलवली.

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली, आणि वाकून आपल्या पातीला लागली.